बेरिल हॅनाफोर्डबाईंचे अवगुण

गुलांडी गावात बेरिल हॅनाफोर्डबाईंच्या नावावर एकही अवगुण नव्हता. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. तिचा काही उपयोग होऊ शकतो, हे मात्र बाई ब्याऐंशी वर्षांच्या होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अवगुण हा शब्द इथे सरकारी अर्थाने घ्यायचा. एरवीचे अवगुण बाईंमध्ये होतेच. त्या चहा फार कडक करत, पत्त्यांत लबाडी करत आणि शेजारणीच्या गुलाबांबद्दल जे वाटेल ते तोंडावर बोलत. पण त्याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. सरकारी अवगुण गाडीच्या परवान्यावर मांडले जातात. ठरवून दिलेल्या वेगापेक्षा किंचित जास्त गेलात तर एक, बरेच जास्त गेलात तर तीन-चार, पट्टा लावला नाही तर तीन, हातात फोन धरला तर पाच. चाळीस महिन्यांत तेरा भरले की परवाना निलंबित. म्हणजे बारापर्यंत माणूस सज्जन असतो. जोडून सुट्ट्या आल्या की हेच अवगुण दुप्पट धरतात, कारण सुट्टीत माणूस दुप्पट वाईट वागतो, असं परिवहन खात्याचं मत आहे.

बाईंनी सत्तावीस वर्षं शाळेसमोरच्या रस्त्यावर हातात ‘थांबा’ची गोल पाटी धरून पोरं पलीकडे नेली होती. नवरा लेन जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याची फिकट हिरवी कोरोला गॅरेजमध्ये उभी असे. बाईंनी ती सहा वर्षांत चालवली नव्हती. कारण साधं होतं. एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका मुलाला आधी जाऊ द्यावं म्हणून त्या चार मिनिटं थांबल्या, काच खाली करून त्याला ‘जा ना बाळा’ असंही म्हणाल्या. ती टपालाची पेटी निघाली. डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या दिवसापासून बाई पायी फिरू लागल्या.

परवाना मात्र दर वर्षी नवा होई. पंचाहत्तरीनंतर त्याला डॉक्टरांची सही लागते. गुलांडीचे डॉक्टर लहानपणी बाईंचा हात धरूनच रस्ता ओलांडत असत. ते विचारत, “दिसतंय ना, बेरिल?” बाई म्हणत, “तू दिसतोस.” की झाली सही.

त्यांचा मुलगा कीथ घरं विकण्याच्या धंद्यात होता आणि तालुका परिषदेच्या रस्ता सुरक्षा समितीचा अध्यक्ष होता. गावाबाहेर गव्हाच्या कोठारांपाशी जे वळण आहे, तिथे वेग टिपणारा कॅमेरा बसवावा म्हणून त्याने दोन वर्षं पाठपुरावा केला, फीत कापली, जमलेल्यांना पावातून सॉसेज वाटले आणि ‘वेग मारतो’ या विषयावर वीस मिनिटं बोलला. त्या कॅमेऱ्याने पकडलेला तिसरा माणूस कीथ होता.

पुढच्या रविवारी तो आईकडे आला. हातात लॅमिंग्टन केकचा खोका होता. बाईंनी खोक्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोण गेलं?”

“कोणी नाही गं, मम. सहज आलो.”

“मग घर विकायला काढतोयस का माझं?”

“काय बोलतेस! आईला भेटायला यायला कारण लागतं का?”

“आत्तापर्यंत तरी लागत होतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी किटली चढवली.

दुसरा कप झाल्यावर कीथने खुर्ची जवळ ओढली. “मम, मला तुझ्याकडून तीन गुण हवे होते.”

“माझ्यात आहेत तीन?”

“परवान्यावरचे गं. माझे अकरा भरलेत. आता हे तीन चढले तर परवाना गेला. पत्र गाडीच्या मालकाच्या नावाने येतं. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. म्हणून खातं विचारतं, त्या वेळी चालवत कोण होतं? तिथे फक्त तुझं नाव लिहायचं. दंड मीच भरणार.”

“पण मी तर घरी होते.”

“ते तुला माहीत, मला माहीत. खात्याला कुठे माहीत आहे?”

“हे शपथपत्र आहे, कीथ. अक्षरं मला धूसर दिसतात, पण वरचा शिक्का दिसतो.”

कीथने सुस्कारा सोडला. “मम, तुझे सगळेच्या सगळे नुसते पडून आहेत. चाळीस महिन्यांनी पाटी आपोआप कोरी होते. म्हणजे आजवर किती वाया गेले असतील, विचार कर!”

हा वार बरोबर जागी बसला. बाई शिळ्या पावाचं पुडिंग करणाऱ्या पिढीतल्या होत्या. भेटवस्तूचा कागदसुद्धा त्या इस्त्री करून ठेवत. आपल्या घरात कसलातरी साठा वर्षानुवर्षं वाया जातोय, हे ऐकून त्या कासावीस झाल्या.

“आणि समितीचं बघ ना,” कीथ म्हणाला. “अध्यक्षाचाच परवाना गेला तर लोकांचा रस्ता सुरक्षेवरचा विश्वास उडेल. माणसं बेफाम गाड्या हाणतील. कोणाचा तरी जीव जाईल, मम.”

कोणाचा जीव जाऊ नये म्हणून बाईंनी सही केली.

त्यानंतर रविवारचं जेवण बाईंकडे सुरू झालं. कीथची बायको जनीन स्वतः कोकराची तंगडी भाजून आणू लागली. जनीन शाळेच्या कार्यालयात होती, आणि फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं गुलांडीत कोणी नव्हतं. नात टीगनही येऊ लागली. तिसऱ्या रविवारी तिने आजीच्या गळ्यात हात टाकले. “नॅन, माझी नॅन! माझ्याकडे कच्चा परवाना आहे गं, मला मुळात सातच गुण देतात, आणि तीन आधीच गेलेत. आता हे चार गेले की मी मेलेच.”

“कुठे गेले चार?”

टीगन खाली बघू लागली. “शाळेपाशी.”

“कोणत्या शाळेपाशी?”

“आपल्याच.”

बाईंनी पुडिंग वाढायचा चमचा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “पोरं होती रस्त्यावर?”

“नव्हती गं, नॅन. नऊला पाच कमी होते. सगळी आत गेली होती.”

“एक तरी उशिरा येतंच,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी टीगनला पुडिंग वाढलं नाही. सही मात्र दिली.

मग ब्रॉडी आला. हा टीगनचा मित्र, टायरच्या दुकानात काम करणारा. बाईंनी त्याला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही धूसर. त्याच्या हातात गाडी चालवताना फोन होता. पाच गुण. “पण हा आपल्यातला कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“आता होईल ना,” जनीन म्हणाली.

या खेपेला फोटो होता. हमरस्त्यावर उंच खांबांवरचे कॅमेरे गाडीत वरून डोकावतात आणि चालकाच्या मांडीचा फोटो काढतात. चेहरा खातं खाजगी बाब म्हणून पुसून टाकतं. फोटोत फोन स्पष्ट होता. मांडीही स्पष्ट होती. ती दांडगी होती, केसाळ होती, वर आखूड चड्डी होती आणि गुडघ्याच्या वर मगरीचं चित्र गोंदलेलं होतं. जनीनने वळणदार अक्षरांत लिहिलं : चालक, श्रीमती बेरिल हॅनाफोर्ड, वय ब्याऐंशी. बारा दिवसांत खात्याचं उत्तर आलं : ‘चालकाची ओळख पटली. सहकार्याबद्दल आभार.’

ही घटना टीगनच्याच दिवसाची होती. म्हणजे नऊला पाच कमी असताना बाई गुलांडीच्या शाळेपाशी होत्या आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी दीडशे किलोमीटर दूर हमरस्त्यावर. या हिशेबाने त्यांची गाडी ताशी सहाशेच्या वेगाने गेली असावी. पण सरासरी वेग ही खात्यातली वेगळी शाखा आहे, आणि तिच्याकडे कोणी तक्रार केली नव्हती.

बारा झाले. जनीन म्हणाली, “आता कोणीही यांच्या नावाला हात लावायचा नाही. एक शिल्लक ठेवायचा. अडीअडचणीला.” पुढच्याच आठवड्यात राजाच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी आली. जनीन बहिणीकडे पाव्हलोव्हा घेऊन निघाली. त्या केकची वरची साय जराही हलता कामा नये म्हणून तो तिने शेजारच्या आसनावर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. स्वतःला बांधायचा राहिला. कॅमेऱ्याने दोघांचाही फोटो काढला. केक नियमात होता. जनीनचे तिनाचे सहा झाले, आणि तेही बाईंच्याच नावावर गेले.

खात्याने मग बेरिल हॅनाफोर्ड यांना जाड लिफाफा पाठवला. अठरा अवगुण भरल्याबद्दल आपला परवाना निलंबित करण्यात येत आहे. अथवा आपण एक वर्ष नीट वागण्याची लेखी हमी देऊ शकता. मात्र त्या वर्षात दोन जरी अवगुण आढळले तर निलंबन दुप्पट होईल.

“निलंबनच घेते,” बाई म्हणाल्या. “मला कुठे जायचंय?”

“आधी पुढचं पान वाच, मम,” कीथ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

पुढच्या पानावर लिहिलं होतं की, पंचाहत्तरीपुढच्या चालकाने इतक्या अल्प काळात इतकी विविध कामगिरी केल्यामुळे त्याची डोळ्यांची तपासणी आणि रस्त्यावरची परीक्षा घेण्यात येईल. चालकास वाहन चालवता येत नाही असं आढळल्यास, यापूर्वीचे गुन्हे त्याने कसे केले, याचा खुलासा मागवण्यात येईल.

कीथ, जनीन, टीगन आणि ब्रॉडी, चौघांनी बाईंकडे पाहिलं. बाई मिठाची बाटली समजून मेणबत्तीचा ठोकळा मटणावर झटकत होत्या.

“डोळे,” जनीन म्हणाली.

आणि मग हॅनाफोर्ड कुटुंबाने जे काही केलं, त्याला तोड नाही. सरकारी इस्पितळात मोतीबिंदूसाठी चौदा महिन्यांची रांग होती. बाई त्या रांगेत दोनदा उभ्या राहून दोनदा कंटाळल्या होत्या. कीथने नऊ दिवसांत खाजगी इस्पितळात जागा मिळवली. आधी एक डोळा, मग दुसरा. जनीन दिवसातून चार वेळा थेंब घालायला येई. टीगन उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवी. ब्रॉडीने कोरोलाला चार नवे टायर घातले. शेजारणी म्हणू लागल्या, “पोरं असावीत तर अशी, बेरिल!”

“हो ना,” बाई म्हणत. “मला वाटायचं, मला बघायला कोणाला सवड नाही. तर यांना माझे डोळे बघायचे होते.”

पट्टी निघाली तेव्हा बाईंनी पहिल्यांदा कीथला पाहिलं. “अरे, तू म्हातारा झालास की!” मग स्वयंपाकघर पाहिलं आणि दोन दिवस ते घासत बसल्या. बागेतलं ते नळीचं वेटोळं, ज्याला त्या सहा वर्षं साप समजून वळसा घालत होत्या, ते त्यांनी उचलून झाडांना पाणी घातलं. ब्रॉडी आला तेव्हा त्याच्या गुडघ्याकडे निरखून म्हणाल्या, “मगर आहे होय ही? मला वाटलं होतं, बटाटा.”

गाडी शिकवायला स्वतः रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष शेजारी बसले. पहिल्याच चौकात आई थांबली आणि पूर्ण थांबली, तेव्हा त्यांचं कपाळ समोर आपटलं. “मम, इथे थांबायचं नसतं, नुसतं थांबल्यासारखं करायचं असतं.”

“पाटीवर ‘थांबा’ लिहिलंय.”

“ते सगळ्यांसाठी लिहिलंय. आपण गावचेच आहोत.”

परीक्षेत बाई एका झटक्यात उत्तीर्ण झाल्या. परीक्षकाने शेरा लिहिला : ‘अत्यंत दक्ष. पूर्वेतिहासाशी वर्तन जुळत नाही.’ घरात शॅम्पेन उघडली. खुलाशाचं संकट टळलं, बाईंनी नीट वागण्याची हमी लिहून दिली आणि पुढच्या रविवारी जेवायला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही आलं नाही. कीथला घर दाखवायचं होतं, जनीनचं डोकं दुखत होतं, टीगनने निरोपात नुसती एक लाल बदामाची आकृती पाठवली.

तिसऱ्या रविवारी बाईंनी एकटीसाठी अंडं उकडायला ठेवलं, मग गॅस बंद केला आणि किल्ल्या उचलल्या.

सप्टेंबर होता. गावाबाहेर कनोला फुलला होता, आपल्याकडे मोहरी फुलते तसा, पण नजर जाईल तिथपर्यंत. मोतीबिंदूमुळे सहा वर्षं बाईंना सगळं जग चहाच्या पाण्यासारखं दिसत होतं. पिवळा रंग एवढा पिवळा असतो, हे त्या विसरून गेल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. लेन गाडी चालवताना म्हणायचा तसलं काहीतरी तोंडातल्या तोंडात गुणगुणल्या. पाय कधी जड झाला ते त्यांना कळलं नाही. कोठारांपाशी लख्ख उजेड पडला.

आठवड्याने पत्र आलं. साठच्या जागी अठ्ठ्याहत्तर. तीन अवगुण. तिथे कीथच्याच प्रयत्नांनी नुकताच नवा कॅमेरा बसला होता, आणि त्याला आता माणसंही दिसत होती. सोबत फोटो होता. स्टिअरिंगमागे एक पांढऱ्या केसांची, बारीक चणीची बाई तोंडभर हसत होती.

बाईंनी फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग रकान्यात लिहिलं : ‘चालवत मीच होते.’ हे त्यांच्या नावाने गेलेलं पाचवं शपथपत्र आणि पहिलं खरं. परवाना जाणार, तोही दुप्पट मुदतीसाठी, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांना हलकं वाटलं. हे तीन त्यांचे स्वतःचे होते.

बारा दिवसांनी उत्तर आलं : ‘चालकाची ओळख पटत नाही.’

बाई बस धरून जिल्ह्याच्या गावी खात्याच्या कार्यालयात गेल्या. चिठ्ठी घेतली, सत्तेचाळीस माणसं संपेपर्यंत बसल्या. खिडकीत एक नीटनेटका गृहस्थ होता. त्याने संगणकात पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा संगणकात.

“ही फोटोतली बाई बेरिल हॅनाफोर्ड नाही,” तो म्हणाला.

“अहो, मीच आहे ती. बघा की माझ्याकडे.”

“मी बघून उपयोग नाही. यंत्राने बघावं लागतं.” त्याने पडदा वळवला. “यंत्र नवा फोटो त्याच व्यक्तीच्या आधीच्या गुन्ह्यांच्या फोटोंशी ताडून पाहतं. या बेरिल हॅनाफोर्ड यांच्या अधिकृत प्रतिमा.”

पडद्यावर मगर गोंदलेली मांडी होती. शेजारी जनीनचे वांगाच्या डागांचे दंड आणि केक होता.

“तुम्हाला ही ब्याऐंशी वर्षांच्या बाईची मांडी वाटते का?” बाईंनी विचारलं.

“मला काय वाटतं हा प्रश्न नाही. हा गुन्हा खात्याने मान्य केलाय, तेव्हा ही मांडीही मान्य झालेली आहे. आता त्याच नावाने दुसरीच कोणी येऊन उभी राहिली तर खात्याने काय करायचं?”

बाईंनी परवाना काचेखालून सरकवला. “यावर फोटो आहे माझा.”

“तो परवान्यापुरता. गुन्ह्याला गुन्ह्याचाच फोटो लागतो.” त्याने परवाना अदबीने परत दिला. “बाई, रागावू नका. पण दुसऱ्याचे गुन्हे स्वतःच्या नावावर घेण्याचे प्रकार फार वाढलेत. खातं आता ते खपवून घेणार नाही.”

बाईंनी परवाना पर्समध्ये ठेवला. “मग मी मी आहे, हे कसं सिद्ध करू?”

“सोपं आहे. तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या तीन जणांची शपथपत्रं आणा. फोटोतली बाई बेरिल हॅनाफोर्ड आहे की नाही, एवढंच लिहायचंय. जवळचे नातेवाईक चालतात.” आणि तो आश्वासक हसला. “नातेवाईक असतील ना?”

त्या रविवारी सगळे जेवायला आले. न बोलावता आले. कारण बाईंनी फोनवर ‘फोटो’ आणि ‘ओळख’ हे दोनच शब्द उच्चारले होते. तीन फॉर्म टेबलावर होते. फोटो मध्ये होता. मटण गार होत होतं.

“किती गोड आलाय फोटो, नॅन,” टीगन म्हणाली.

“लेन गेल्यापासून माझा इतका चांगला फोटो कोणी काढला नाही,” बाई म्हणाल्या. “लिहा आता. ही आमची आई, ही आमची सासू, ही आमची आजी. सह्या करा आणि जेवायला बसा.”

कोणी पेन उचललं नाही.

“मम,” कीथ खाकरला, “जरा शांतपणे ऐक. ही जर तू असलीस, तर आधीची ती तू नव्हतीस.”

“नव्हतेच.”

“हो, पण मग विचारतील, कोण होतं? चार खोटी शपथपत्रं, मम. त्याला शिक्षा आहे. अध्यक्षपद जाईल ते वेगळंच.”

“माझी शाळेतली नोकरी,” जनीन म्हणाली.

“मी कुठे काय सही केली?” ब्रॉडी म्हणाला. “मांडी फक्त माझी.”

“तू गप बस,” टीगनने त्याला दटावलं.

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. आता त्यांना सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. “मग काय लिहिणार आहात?”

कीथने पेन घेतलं. लिहिताना त्याने फोटोवर डावा हात ठेवला होता, जणू प्रकाश डोळ्यांवर येत होता. मग ते पेन जनीनकडे गेलं. तिने एकही खाडाखोड न करता लिहिलं. टीगन रडली, मग तिनेही सही केली. तिन्ही कागदांवर एकच मजकूर होता : ‘फोटोतल्या या बाईंना मी ओळखत नाही.’

“तुझ्या भल्यासाठीच आहे, मम,” कीथ म्हणाला. “तुझा परवाना वाचला.”

बाईंनी फोटो उचलला, चुंबकाने फ्रिजवर लावला आणि म्हणाल्या, “मटण घ्या. गार झालं.”

खात्याने तिघांचं म्हणणं ग्राह्य धरलं. बेरिल हॅनाफोर्ड यांना दोषमुक्त करण्यात आलं. एका अज्ञात वृद्धेने त्यांचं वाहन पळवून त्यांचं नावही वापरण्याचा प्रयत्न केला, अशी नोंद झाली, आणि त्या वृद्धेचा फोटो गुलांडीच्या टपाल कचेरीत, पेट्रोल पंपावर आणि बोलिंग क्लबात लागला. खाली लिहिलं होतं : ‘या बाईंना ओळखता का?’

टपाल कचेरीत बाई पाकिटं घ्यायला गेल्या तेव्हा खिडकीतल्या बाईने फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचे दहा अवगुण त्याच्या मामीच्या नावावर होते. “काय दिवस आलेत, बेरिल,” ती म्हणाली. “कोण असेल ही?” रांगेतल्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. पाद्री म्हणाले की चेहरा ओळखीचा वाटतो, पण अशी माणसं सगळीकडे असतात.

बाई रोज दुपारी कोरोला काढतात. कनोला कापून झालाय, तरी जातात. कोठारांपाशी रोज उजेड पडतो, रोज अज्ञात वृद्धेवर तीन अवगुण चढतात. तिच्याकडे परवाना नसल्यामुळे तो निलंबित करता येत नाही, यावर खात्यात विचार चालू आहे. बेरिल हॅनाफोर्ड यांचं नीट वागण्याचं वर्ष मात्र निर्विघ्न पार पडलं. रस्ता सुरक्षा समितीने त्यांचा जाहीर सत्कार केला. अध्यक्षांनी फुलं दिली. फोटो काढताना ते आईच्या शेजारी उभे राहिले, पण जरा अंतर ठेवून.

हे वाचता वाचता तुमच्याही मनात घरातलं एखादं नाव येऊन गेलं असेल. म्हातारं, निर्दोष आणि बिनवापराचं. येऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त खात्याचं पत्र यायच्या आधी त्या माणसाचा चेहरा एकदा नीट बघून ठेवा. उद्या ‘ओळखत नाही’ म्हणून सही करायची वेळ आली, तर निदान कोणाला ओळखत नाही, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असावं.